बॉनेटवरचं टेंगूळ

मुरुड म्हटलं की पुण्या-मुंबईची माणसं लगेच विचारतात, "समुद्र कसा आहे?" तो मुरुड जंजिऱ्याचा. आमचं मुरुड लातूर जिल्ह्यातलं, लातूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. समुद्राचं राहू द्या, आमच्याकडे नदीला पाणी आलं तरी लोक एकमेकांना बोलावून दाखवतात.

तर श्रोतेहो, या मुरुडात आमच्या जुन्या वाड्याच्या पडवीत एक जीप उभी आहे. तिच्या बॉनेटवर पालथ्या घातलेल्या वाडग्याएवढा एक फुगवटा आहे. घरी येणारा प्रत्येक जण आधी त्याच्याकडे बघतो. गल्लीतली पोरं तिला 'टेंगळी' म्हणतात. हे टेंगूळ तिला जन्मापासून नव्हतं. ते १९९४ साली आलं, आणि ते कसं आलं हे सांगायचं तर तिचं इंजिन बदलण्याची सगळी हकीकत सांगावी लागते.

जीप विलिस कंपनीची, अमेरिकेतल्या टोलेडो शहरात १९४४ साली तयार झालेली. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून अशा साडेसहा लाखांच्या आसपास जीप बांधल्या. नमुना एकच, सुटे भाग एकमेकांना लागणारे. तरी फोर्डवाल्यांनी आपल्या भागांवर एफ हे अक्षर उमटवलंच. युद्ध संपल्यावर हिंदुस्थानात राहिलेल्या अशा कितीतरी गाड्या लष्कराने विकून टाकल्या. 'डिस्पोजलची जीप' हा शब्द तेव्हापासूनचा. आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, ही जीप १९५७ साली सोलापूरच्या एका रस्ते-कंत्राटदाराकडून घेतली. अण्णांची आडत होती, शिवाय शेती होती. पण जीप घेण्यामागे व्यवहारापेक्षा एक जुनी आठवण जास्त असावी, असं मला वाटतं. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शनच्या वेळी सोलापूरकडून नळदुर्गाच्या रस्त्याने हिंदी फौजा निजामाच्या मुलखात शिरल्या, तेव्हा अण्णा त्या भागात पाहुण्यांकडे होते. आयुष्यातली पहिली जीप त्यांनी त्या दिवशी पाहिली. "रस्ता सोडून जवारीतून चालली होती," असं ते सांगायचे. त्यांना फौजेपेक्षा त्याचंच अप्रूप जास्त होतं.

हे अप्रूप कळायला आमची काळी माती माहीत पाहिजे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती चिकट होते. बैलगाडीच्या चाकाला इतकी लागते की चाकाऐवजी मातीचा गोळाच फिरतोय असं वाटावं. पाणंदीतून गेलेला ट्रक दिवाळीपर्यंत तिथेच, अशी उदाहरणं मी पाहिली आहेत. अशा मातीत मागची दोन चाकं फिरून उपयोग नसतो, ती नुसती खड्डा खणतात. जीपचा पुढचा गिअर टाकला की पुढची चाकंही ओढायला लागतात आणि गाडी रांगत का होईना बाहेर येते. आमच्या जीपने किती बाळंतिणी लातूरला नेल्या आणि किती बी-बियाणं शेतावर पोचवलं, याचा हिशोब कुणी ठेवला नाही. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे पुढच्या ट्रकला ओलांडताना शेजारी बसलेल्यानेच "चला" म्हणायचं. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली. पंपावर गेलं की आधी अण्णांनी उतरायचं, गादी उचलायची, मग पेट्रोल.

तिचं मूळ इंजिन चार सिलिंडरचं, सुमारे बावीसशे सीसीचं, साठ अश्वशक्तीचं. सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला उभे, आणि वर नुसतं झाकणासारखं चपटं हेड. त्यामुळे इंजिन बुटकं. हे बुटकेपण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता १९९३. ३० सप्टेंबरची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून माणसं नुकती झोपली होती. किल्लारीच्या भूकंपाचा धक्का आम्हाला मुरुडातही जाणवला. भांडी पडली, माणसं रस्त्यावर आली. उजाडल्यावर बातम्या यायला लागल्या आणि दुपारी अण्णा म्हणाले, "जीप काढ." पुढचे पंधरा-वीस दिवस मी आणि गावातले दोघे-तिघे लातूर-औसामार्गे त्या गावांकडे ये-जा करत होतो. जाताना भाकरी, पाणी, घोंगड्या. येताना काय काय आणलं ते इथे सांगत नाही. मध्येच पाऊस झाला, वाटा घसरड्या झाल्या, आणि मोठ्या गाड्या जिथे थांबत तिथून पुढे जीप जात होती.

या गाडीत हवा गाळण्याचा डबा इंजिनाच्या बाजूला असतो. त्यात तेल असतं, धूळ त्या तेलात अडकते आणि स्वच्छ हवा नळीने कार्बोरेटरला जाते. त्या जोडणीतली रबरी नळी जुनी होऊन चिरली होती. मला ते माहीत होतं. मी तिच्यावर चिंधी गुंडाळून वर सुतळी बांधली होती आणि पुढच्या बाजाराला नवी आणू म्हणून ठेवलं होतं. तेवढ्यात भूकंप झाला, आणि मग नळी कुणाच्या लक्षात राहणार?

पुढच्या चैत्रात बार्शीहून येताना येडशीच्या घाटात जीप थकली. मागे निळा धूर इतका, की मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून ओरडला, "गाडी पेटली का काय?" तेलाचं प्रेशर रस्त्यावर पस्तीसच्या आसपास असायचं, ते गरम झाल्यावर दहाच्या खाली उतरत होतं. तेल भरायच्या नळकांड्यातून चुलीसारखा धूर. दर पन्नास किलोमीटरला अर्धा लिटर तेल घालत आम्ही घर गाठलं.

लातूरला आमचे एक ठरलेले मिस्त्री होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी आधी काहीच खोललं नाही. चारही प्लग काढले, भोकात एकेक करून कॉम्प्रेशनचं मीटर लावलं आणि मला स्टार्टर मारायला सांगितलं. या इंजिनाला शंभर-एकशे दहा पौंडांच्या आसपास प्रेशर यायला हवं. तीन सिलिंडर साठ-पासष्टवर होते, तिसऱ्या नंबरचा जेमतेम तिसावर. मग त्यांनी प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन तेल सोडलं आणि परत मोजलं. तीन सिलिंडरचे आकडे चढले, तिसऱ्याचा तसाच. चमचाभर तेलाने एवढं कळतं. तेलाने आकडा चढला तर फट रिंगांपाशी आहे, तेलाने ती तात्पुरती बुजते. नाही चढला तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड. हातात मीटर नसलेल्या मिस्त्रीकडे कुणी इंजिन खोलायला देऊ नये असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. आपल्याकडे मात्र 'रिंगा गेल्या' हे निदान धूर बघूनच होतं.

हेड काढलं. सिलिंडरच्या वरच्या कडेला नख अडकेल एवढी पायरी झाली होती. म्हणजे खाली पिस्टन फिरतो तिथली भिंत झिजली आणि वरचा न झिजलेला काठ तेवढा उरला. हे इंजिन पूर्वी दोनदा बोअर केलेलं होतं, त्यामुळे आणखी मोठं बोअर करण्याइतकी भिंत नव्हती. स्लीव्ह ठोकून वाचवता आलं असतं. पण चाचांनी तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीवर रॉकेलचा बोळा फिरवला, पुसला, वर खडू घासला. थोड्या वेळाने खडूवर एक बारीक ओली रेघ उमटली, बैठकीपासून सिलिंडरपर्यंत. ब्लॉकलाच तडा. बाजूला व्हॉल्व्ह असणाऱ्या इंजिनांचा हा नेहमीचा रोग, कारण तापलेली बैठक आणि सिलिंडर यांच्यामध्ये लोखंडाची एक पातळ पट्टी तेवढी असते.

मग चाचांनी ती माझी चिंधी सोडली, नळीत बोट घातलं आणि बाहेर काढून मला दाखवलं. बोटावर पांढरट धूळ होती.

"ये तुमारी मिट्टी नहीं," ते म्हणाले. "तुमारी तो काली."

ती माळवदांची माती होती. आपल्याकडच्या जुन्या घरांवर पांढऱ्या मातीचा हातभर थर असतो. किल्लारीला माणसं त्याच्याखालीच गेली. मी काही बोललो नाही. चाचाच म्हणाले, की इंजिन आधीच म्हातारं होतं, धुळीने फक्त दिवस कमी केले. ते माझ्या समाधानासाठी म्हणाले की खरंच, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

तर आता इंजिन बदलणं आलं, आणि घरात वाद सुरू झाला.

माझं म्हणणं होतं, डिझेल बसवू. तेव्हा सगळीकडे तेच चाललं होतं. डिझेल पेट्रोलच्या निम्म्याहूनही कमी भावात मिळत होतं. सत्तरच्या दशकात पेट्रोल भडकल्यापासून महिंद्राने स्वतःच ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन जीपमध्ये घालायला सुरुवात केली होती, आणि ऐंशीच्या दशकात प्यूजोचं हलकं, जोरात फिरणारं इंजिन आलं. अपघातातल्या किंवा मोडीत काढलेल्या गाड्यांची ही इंजिनं बाजारात मिळत. कुणी मॅटाडोरचं बसवत असे, कुणी सरळ ट्रॅक्टरचं. माझ्या मेहुण्याने एक ट्रॅक्टरचं इंजिन हेरूनही ठेवलं होतं.

अण्णा म्हणाले, "पेट्रोलचंच बसवायचं." मला वाटलं, म्हातारा भावनेत अडकलाय. पण संध्याकाळी त्यांनी आडतीची वही काढली आणि मला समोर बसवलं. जीप वर्षाला किती चालते? फार तर तीन हजार किलोमीटर. लिटरला आठ किलोमीटर धरले तर पावणेचारशे लिटर पेट्रोल, म्हणजे सहा-सव्वासहा हजार रुपये. डिझेलवर बारा किलोमीटर धरले तर पावणेदोन हजार. वाचले साडेचार हजार. आता पेट्रोलचं इंजिन बसवून होतंय बारा हजारांत, डिझेलचं होतंय पस्तीस हजारांत, कारण त्यासोबत रेडिएटर, मधली प्लेट, पुढचे पाटे, सायलेन्सर, बॅटरी असं सगळंच आलं. वरचे तेवीस हजार फिटायला पाच वर्षं.

"आन पाच वर्षं त्यो गिअरबॉक्स राहतो का, ते विचार मिस्त्रीला," असं म्हणून त्यांनी वही मिटली.

मी विचारलं. चाचांनी जे सांगितलं ते मला तेव्हा अर्धंच कळलं होतं, पुढे वाचून आणि हात काळे करून पुरतं कळलं. इंजिन ही काही एकटी वस्तू नसते. त्याच्यामागे क्लच, गिअरबॉक्स, चारही चाकांना ताकद वाटणारी पेटी आणि दोन ॲक्सल अशी अख्खी साखळी असते, आणि ती त्याच इंजिनाच्या हिशोबाने घडवलेली असते. युद्धातल्या विलिसचा तीन गिअरांचा बॉक्स तसा नाजूक. डिझेलचे दणके त्याला सोसत नाहीत. दुसरं म्हणजे वेग. या जीपच्या ॲक्सलमध्ये इंजिनाच्या जवळजवळ पाच फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते, नेमकं सांगायचं तर ४.८८ ला एक. पेट्रोलचं इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्या घेतं, तेव्हा गाडी ताशी शंभराच्या थोडी पुढे जाऊ शकते. ट्रॅक्टरचं इंजिन दोन हजारांच्या आसपासच दमतं. म्हणजे टॉप गिअरमध्ये पूर्ण पाय दाबून ताशी पन्नास-पंचावन्न. इंजिन बोंबलतंय आणि शेजारून एसटी निघून जातेय. शिवाय जड इंजिनाने पुढचे पाटे बसतात आणि चिखलात गाडी नाक खुपसते, म्हणजे ज्या कामासाठी जीप ठेवायची तेच जातं. प्यूजोचं इंजिन या मानाने बरं होतं, पण त्याची किंमत आमच्या आवाक्याबाहेर होती.

मेहुण्याने हेरलेलं इंजिन पुढे एकाने आपल्या जीपला बसवलं. त्याच्या जीपचा गिअरबॉक्स किती महिने टिकला हे मी सांगत नाही, तो अजून आमच्या बोलण्यात आहे.

राहिलं पेट्रोलचं. पण विलिसचं ते बुटकं इंजिन चांगल्या स्थितीत मिळेना. हैदराबादेत राणीगंजला विचारून झालं, मुंबईत कुर्ल्याला एकाने दाखवलं, पण त्याच्या ब्लॉकला आमच्यासारखाच तडा होता आणि वर पुट्टी भरून रंग मारलेला. शेवटी चाचांनीच मार्ग काढला. एका सरकारी खात्याच्या निर्लेखित जीपा लिलावात निघाल्या होत्या. त्यातली एक त्यांच्या ओळखीच्या माणसाने घेतली होती. गाडी सडलेली, पण इंजिन थोडंच चाललेलं. ते होतं महिंद्राने बनवलेलं 'हरिकेन'.

या हरिकेनचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण टेंगूळ तिथेच आहे. युद्धानंतर विलिसवाल्यांना जास्त ताकद हवी होती, पण नवं इंजिन घडवायला पैसा नको होता. त्यांनी बोअर-स्ट्रोक तेच ठेवलं, एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये राहू दिले आणि इनटेकचे उचलून हेडमध्ये नेले. मोठे व्हॉल्व्ह बसले, श्वास मोकळा झाला, साठाचे बहात्तर अश्वशक्ती झाले. पण हेड उंच झालं. त्यासाठी कंपनीला १९५३ साली जीपचं बॉनेटच उंच करावं लागलं. ती जी उंच कपाळाची जीप, तीच महिंद्राने आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली. अमेरिकेत तिचं उत्पादन १९६८ साली थांबलं, आपल्याकडे त्यानंतरही कित्येक वर्षं चालू राहिलं. बीडीओची जीप, तहसीलदाराची जीप, निवडणुकीची जीप म्हणून तुमच्या डोळ्यांसमोर जी येते, ती हीच. म्हणजे खालून पाहिलं तर हरिकेन आमच्या जुन्या इंजिनाचा सख्खा भाऊ. मागचे बोल्ट तेच, क्लच तोच, गिअरबॉक्सला लागणारा. फक्त भाऊ डोक्याने उंच.

हे चाचांना माहीत होतं. मला नव्हतं.

मे महिन्यात इंजिन उतरवलं, आमच्याच वाड्यासमोरच्या लिंबाखाली. चाचा त्यांच्या दोन पोरांना घेऊन सकाळच्या एसटीने आले. बॉनेट, जाळी, रेडिएटर काढून पुढचा भाग मोकळा केला. गिअरबॉक्सखाली जॅक लावला, बेल हाउसिंगचे बोल्ट सोडले, लिंबाच्या जाड फांदीला चेनपुली बांधली आणि इंजिन पुढे सरकवत वर उचललं. सदतीस वर्षं मी ज्या आवाजाने गाडी ओळखत होतो, ते साखळीला लटकताना फारच लहान दिसत होतं. अण्णा ओट्यावर बसून बघत होते.

नवीन इंजिन बसवायच्या आधी चाचांनी क्लचप्लेट बदलली, क्रँकच्या टोकाचं बुश बदललं, मागच्या सीलची दोरी नवी घातली. "इंजिन बार बार नहीं उतरता," एवढंच म्हणाले. नवं इंजिन बारा व्होल्टचं, आमची गाडी सहा व्होल्टची. फ्लायव्हीलचे दातही वेगळे, तेव्हा जुना स्टार्टर चालेना. मग इंजिनासोबत आलेला स्टार्टर आणि डायनामो ठेवला, बेल हाउसिंगची आतली कड कानशीने घासून फ्लायव्हीलला जागा केली, आणि गाडीतले सगळे बल्ब बदलले. या कामात दीड दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिन सुरू झालं. तेलाचं प्रेशर चाळीस. लिंबाखाली जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग चाचांच्या पोराने बॉनेट खाली आणलं, आणि ते लागेना.

कार्बोरेटरचं डोकं आड येत होतं. बॉनेट तीन-चार बोटं वर. मी चाचांकडे बघितलं, चाचा अण्णांकडे बघत होते. इंजिन खाली घ्यावं तर खाली पुढचा ॲक्सल, तेलाची टाकी त्याच्यावर आपटणार. उंच बॉनेट आणावं तर त्याच्यासोबत समोरची सगळी पत्र्याची चौकटच बदलावी लागणार, मग जीप विलिस उरत नाही. तिसरा उपाय एकच, पत्रा कापणे. हे सुरुवातीलाच सांगितलं असतं तर अण्णा नाही म्हणाले असते, असं चाचांना वाटलं असावं. मला आजही वाटतं की त्यांनी सांगायला हवं होतं.

अण्णा ओट्यावरून उतरले. आत जाऊन आडतीतला खडू आणला, बॉनेटवर हात फिरवून अंदाज घेतला आणि स्वतःच एक गोल काढला. "काप," म्हणाले. "उघडं ठेवून चालवण्यापेक्षा बरं." लातूरच्या एका पत्रेवाल्याने ठोकून वाडग्यासारखा फुगवटा केला, तो त्या भोकावर वेल्ड केला, आणि टेंगूळ तयार झालं.

आता माझी चूक.

जुन्या इंजिनाचं जे धूड उरलं होतं ते लिंबाखाली पडून होतं. पोरं त्याच्यावर चढत, कोंबड्या खाली बसत. आषाढीला अण्णा पंढरपूरला गेले आणि दारात भंगारवाला आला. मी ब्लॉक, हेड, सगळं वजनावर दिलं. तीनशे दहा रुपये आले. अण्णा परत आले, लिंबाखाली बघितलं, आणि फक्त विचारलं, "नंबर काढून ठेवलास का?"

या इंजिनाचा नंबर ब्लॉकच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यावर ठोकलेला असतो. तो गाडीच्या कागदांवर असतो. इंजिन बदललं की परिवहन कार्यालयाची परवानगी लागते आणि बदल केल्यापासून चौदा दिवसांत तसं कळवून कागदावर नवा नंबर चढवून घ्यायचा असतो. ते आम्ही रीतसर केलं होतं. लिलावाची पावती, इंजिनाची पावती, सगळं जोडलं होतं. त्यामुळे दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला गाडी घेऊन गेलो की अडचण येत नाही. घाईत डिझेल बसवून कागदावर पेट्रोलच ठेवलेल्या काही जीपा माझ्या पाहण्यात आहेत. त्यांचे मालक तपासणीच्या दिवशी देवाला नारळ बोलतात. पण अण्णांचा प्रश्न कागदाचा नव्हता.

त्याची किंमत मला २०२१ नंतर कळली. त्या वर्षी जुलैमध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम काढले. वेगळी नंबरपट्टी, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क. गाडी रोजच्या वापराला काढायची नाही, प्रदर्शन आणि रॅलीसाठी तेवढी काढायची. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असावी, सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठी फेरफार झालेली नसावी. हे नियम आल्यावर जुन्या जीपांना भलताच भाव आला. पुण्याहून एक गृहस्थ आमची जीप बघायला आले. फार सभ्य माणूस. चहा घेण्याआधीच त्यांनी बॅटरी काढली आणि वाकून इंजिनाच्या त्या कोपऱ्यावर उजेड टाकला. मग बॉनेट लावून टेंगळावर बोट वाजवलं.

"मूळ ब्लॉक आहे का कुठे? तडा गेलेला चालेल," त्यांनी विचारलं. तडा गेलेलं ओतीव लोखंड हल्ली शिवून दुरुस्त करता येतं, असं त्यांनी सांगितलं.

मी तीनशे दहा रुपयांची गोष्ट त्यांना सांगितली नाही. नाही म्हणालो.

कुणी म्हणेल, मग हरिकेन बसवलं हीच चूक झाली. मला तसं वाटत नाही. त्यानंतर जीप तीस वर्षांहून जास्त चालली. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात ती टाकी लावून शेतावरच्या बोअरचं पाणी गल्लीत आणत होती. नुसती बघायला ठेवलेल्या गाडीने ते केलं नसतं. ब्लॉक मात्र ठेवायला हवा होता, लिंबाखाली जागेला काही भाडं नव्हतं. अण्णा २००३ साली गेले. त्यांच्या कागदांत गाडीचं पुस्तक सापडलं. त्यात मूळ नंबरवर लाल शाईने रेघ मारून खाली नवा लिहिलेला आहे. रेघ बारीक आहे. जुना नंबर पूर्ण वाचता येतो, आणि पेन्सिलीने त्याच्याभोवती एक चौकोन काढलेला आहे. तो कार्यालयातल्या कुणी काढलेला नाही.

इंजिनाला २०११ साली एकदा रिंगा टाकल्या, व्हॉल्व्ह घासले, बाकी ते चांगलं आहे. अलीकडे एक नवीच तक्रार सुरू झाली. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल येतं. ते आमच्याच भागातल्या उसाच्या मळीतून, रसातून निघतं, त्यामुळे आम्ही तक्रार तरी कुणाकडे करावी? पण जुन्या गाड्यांचं रबर त्याला टिकत नाही. पेट्रोलपंपाचा पडदा दीड वर्षात मऊ पडला, टाकीपासूनची नळी फुगली. आता इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा पडदा मागवून बसवला आहे.

हवेची नळी मात्र मी दर अक्षय्य तृतीयेला बदलतो, चिरलेली असो वा नसो. विलिसची नळी अर्थातच मिळत नाही. लातूरला दुकानात मिळते ती कुठल्या तरी ट्रॅक्टरची असते. आतलं माप जमलं आणि दोन्ही टोकांना क्लिप घट्ट बसली की काम होतं. जुनी काढली की आत बोट घालून बघतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)